मी नाही उघडली खिडकी

माझ्याकडे जपानी भाषेच्या परीक्षेचं, एन-फोर पायरीचं सर्टिफिकेट आहे, हे मी त्या आठवड्यात किमान पाच जणांना सांगितलं असेल. पाचांतल्या एकानेही विचारलेलं नव्हतं.

सर्टिफिकेट डिसेंबर २०१३ च्या परीक्षेचं. तेव्हा मी बी.कॉम.च्या शेवटच्या वर्षाला होते आणि सदाशिव पेठेत एका वाड्याच्या माडीवर चालणाऱ्या क्लासला जायचे. पुण्यात त्या वयात जर्मन नाहीतर जपानी लावायची पद्धतच आहे. मैत्रिणीने जर्मन लावलं म्हणून मी जपानी. 'मिन्ना नो निहोंगो'चे दोन्ही भाग, म्हणजे पन्नास धडे, आम्ही दोन वर्षांत उरकले. उरकले हाच शब्द बरोबर आहे. मग नोकरी, लग्न, मुलगी, आणि ती पुस्तकं माळ्यावर.

आता मी चाकणला गाड्यांचे सुटे भाग करणाऱ्या एका कंपनीत पर्चेसला आहे. वर्षातून दोन-तीनदा जपानहून माणसं येतात. एका खेपेला दुभाषी ट्रॅफिकमध्ये अडकला आणि साहेबांनी सगळ्यांसमोर माझ्याकडे वळून म्हटलं, "मॅडम, तुम्हाला येतं ना?" मी "हाजिमेमाश्ते" म्हटलं, म्हणजे पहिल्यांदाच भेटतोय. समोरचे दोघं वाकले. मीही वाकले. पुढचा अर्धा तास आम्ही चहा प्यायलो.

त्या चहानंतर मी विद्यापीठाच्या संध्याकाळच्या कोर्सचा फॉर्म आणला. फॉर्मवर एक रकाना होता, कोणत्या स्तराला प्रवेश हवा. पहिलं वर्ष सर्टिफिकेट, दुसरं डिप्लोमा, तिसरं ॲडव्हान्स्ड डिप्लोमा. ढोबळ हिशेब असा की पहिल्यात मिन्नाचा पहिला भाग, धडे १ ते २५. दुसऱ्यात २६ ते ५०. तिसऱ्यात त्यापुढचं, एन-फोरच्या वरच्या एन-थ्रीच्या वाटेवरचं. मी पन्नास धडे केलेले, वर एन-फोर पास. तिसऱ्यापुढे बरोबरची खूण केली आणि निळ्या शाईने पुन्हा एकदा गिरवली.

"किती वर्षांचा गॅप?" खिडकीतल्या बाईंनी झेरॉक्स उलटून बघत विचारलं.

"आहे थोडा."

त्यांनी तारीख वाचली. "टेस्ट द्यावी लागेल."

मला राग आला. आता मागे वळून बघताना कळतं की त्या सर्टिफिकेटमध्ये नेमकं काय लिहिलंय हे मी स्वतःच कधी नीट वाचलं नव्हतं. एन-फोरला १८० पैकी ९० गुण मिळाले की पास, पण शिवाय दोन भागांत वेगवेगळं किमान लागतं: शब्द-व्याकरण-वाचन मिळून १२० पैकी ३८, आणि ऐकण्यात ६० पैकी १९. माझे एकूण ११२ होते, आणि ऐकण्यात २२. तीन गुणांनी वाचले होते. आणि सगळी परीक्षा गोळे काळे करण्याची. त्यात एक अक्षर हाताने लिहावं लागत नाही, एक शब्द तोंडाने बोलावा लागत नाही. एन-फाइव्हपासून अगदी वरच्या एन-वनपर्यंत हेच. शिवाय सर्टिफिकेटला मुदत नसते. म्हणजे एका रविवारी मी किती ओळखू शकत होते, याचा तो दाखला. त्यानंतर दहा-अकरा वर्षं गेली तरी कागद पिवळा पडण्यापलीकडे त्याला काही झालेलं नव्हतं.

टेस्टला दोन आठवडे होते. फोनवर ॲप घेतलं. रोज पंधरा मिनिटं, बस यायच्या आधी. चौदा दिवसांत एकही दिवस चुकला नाही म्हणून त्यात एक पक्षी नाचला. सिंहगड रोडच्या पु. ल. देशपांडे उद्यानातही जाऊन आले. ओकायामाच्या कोराकुएन बागेवरून केलेली ती बाग. पुण्यात जपानी शिकणारा प्रत्येक जण तिथल्या पुलावर एकदा तरी फोटो काढतो. तळ्याकाठी बसून मी स्वतःची ओळख पाठ केली. नवरा समोर बसून सेन्सेईंचं (शिक्षकांचं) काम करत होता, म्हणजे मान डोलवत होता.

माझा भाचाही त्याच टेस्टला बसणार होता. वय १९, क्लास एकही केलेला नाही, पण ॲनिमे बघून बघून कान असे तयार की सबटायटल्स बंद करून हसतो. त्याला पहिलं वर्ष टाळून थेट डिप्लोमा हवा होता. माझी पाठ केलेली ओळख ऐकून म्हणाला, "मावशी, तू बातम्या दिल्यासारखी बोलतेस." मग त्याने त्याची म्हणून दाखवली. त्यात तो स्वतःला 'ओरे' म्हणत होता. मित्रांच्या कट्ट्यावर चालेल, पण सेन्सेईंसमोर 'ओरे' म्हणजे नव्या ऑफिसात पहिल्याच दिवशी "आपुन आलाय" म्हणण्यासारखं. मी सांगून पाहिलं.

पेपर मला सोपा गेला, हे कबूल करते. गाळलेल्या जागी 'नि', 'दे', 'ओ' भरा, हे मराठी माणसाला बऱ्यापैकी हाताशी असतं. क्रियापद शेवटी, नामाला मागून चिकटणारे शब्द, प्रश्नाच्या शेवटी 'का': "इकिमास का?" आणि "जाता का?" या जोडीवर प्रत्येक जपानी क्लासात पहिल्या दिवशी हशा होतोच. 'त्सु' म्हणताना हिंदी किंवा इंग्रजीवाले अडखळतात, आपल्या 'चुना'मधला 'चु' तोच आहे. कांजींमध्ये, म्हणजे जपानीतल्या चित्रासारख्या अक्षरांमध्ये, 'वाट बघणे' आणि 'हातात धरणे' यांची जोडी आली होती. दोन्हींच्या उजवीकडे 'देऊळ' हेच चिन्ह. डावीकडे एकात हात असतो आणि दुसऱ्यात वाटेचं चिन्ह. ही गंमत सदाशिव पेठेतल्या सरांनी सांगितलेली, ती डोक्यात तशीच होती.

मग चौकोनांच्या कागदावर 'माझं गाव' लिहायचं होतं, दोनशे घरांत. पुण्यातला ण जपानीत नाही, गावाचं 'पुने' होतं, ते ठीक. पण काताकानात, म्हणजे परक्या शब्दांसाठीच्या लिपीत, 'शि' आणि 'त्सु' ही सख्खी भावंडं आहेत. 'शि'च्या छोट्या रेघा एकाखाली एक आडव्या, 'त्सु'च्या शेजारीशेजारी उभ्या. गोळे काळे करताना समोर दिसलं की ओळखता येतं. हाताने काढायची वेळ आली तेव्हा माझ्या निबंधात शनिवारवाड्याचा त्सनिवारवाडा झाला. दोनदा.

तोंडी परीक्षा दुपारी. सेन्सेई पन्नाशीच्या, सुती साडी, पुण्याच्याच. समोर खिडकी उघडी, खाली रस्ता. पाठ केलेली ओळख मी न अडखळता म्हटली आणि मला वाटलं, झालं, जिंकलं.

"इमा मादे दोनो गुराई बेनक्यो शिमाश्ता का?" आतापर्यंत किती अभ्यास केलात?

मला सांगायचं होतं, दहा वर्षांपूर्वी दोन वर्षं केला. तोंडातून आलं, "जू नेन देस." दहा वर्षं.

"जू नेन!" सेन्सेईंच्या भुवया वर गेल्या. "सुगोई देस ने." कमालच आहे.

'पूर्वी'साठी शेवटी नुसता 'माए' लावायचा होता. तो आठवला, पण तोवर मी "आरिगातो गोझाइमास" म्हणून बसले होते. आता दहा वर्षं जपानीचा अभ्यास केलेली बाई म्हणून पुढचे प्रश्न येणार.

तेवढ्यात खाली एक पीएमपीची बस हॉर्न वाजवत थांबली. सेन्सेई जरा थांबल्या, खिडकीकडे बघून म्हणाल्या, "मादो गा आइते इमास ने."

मी लगेच म्हटलं, "ईए, वाताशी वा आकेमासेन देश्ता."

म्हणजे त्या म्हणाल्या, खिडकी उघडी आहे नाही का. आणि मी म्हटलं, नाही हो, मी नाही उघडली.

वाक्यात व्याकरणाची एकही चूक नाही. सेन्सेई हसल्या नाहीत, हेच जास्त लागलं. त्यांनी कागदावर काहीतरी लिहिलं, उठून स्वतःच खिडकी लावली, आणि मग मराठीत म्हणाल्या, "तुमच्याकडे पाहुणे आले आणि म्हणाले, 'पंखा बंद आहे वाटतं', तर तुम्ही काय म्हणता?"

"लावते, म्हणते."

"मग?"

"शिमेमाशो का," मी म्हटलं. लावू का. तीन शब्दही नाहीत. सव्विसाव्या धड्याच्याही आधीचे.

खरं तर ही उघडणं-उघडवणं भानगड मराठी माणसाला नवी नाही. काच फुटते आणि आपण ती फोडतो, दोरी सुटते आणि आपण सोडतो, आंबा पडतो आणि आपण पाडतो. जपानीत तशाच जोड्या: आकु (आपोआप उघडणे) आणि आकेरु (आपण उघडणे), शिमारु (बंद होणे) आणि शिमेरु (बंद करणे), नाओरु (दुरुस्त होणे) आणि नाओसु (दुरुस्त करणे). गोची अशी की नेमका 'उघडणे' आपल्याकडे दोन्हींना एकच आहे. दार उघडलं म्हटलं की वाऱ्याने उघडलं की कुणी, याचा पत्ता लागत नाही. माझ्या डोक्यात ते मराठीतून आलं आणि कुणीतरी उघडली म्हणजे मी उघडली, असा आरोप माझ्यावर मीच करून घेतला.

निकाल तिथेच कळला. सेन्सेईंनी फॉर्मवरची माझी निळी खूण बघितली. "पेपर तिसऱ्या वर्षाला शोभेल असा आहे. तोंडी पहिल्या वर्षाची आहे. मी डिप्लोमा म्हणेन."

"पण ते पन्नास धडे माझे सगळे झालेत."

"झालेत ना," त्या म्हणाल्या. "दहा वर्षं झाली." मग जरा मऊ आवाजात, "वर्ग सुरू झाले की दोन्हीकडे आठवडाभर बसून बघा. बदलायला पंधरा दिवस असतात. नंतर मात्र ऑफिस ऐकत नाही."

भाच्याला पहिलं वर्ष मिळालं. ऐकण्यात त्याने माझ्यापेक्षा दुप्पट गुण घेतले आणि लेखी पेपरात काताकानाचं पान कोरं ठेवलं. 'ओरे' त्याने म्हटलंच. आम्ही दोघं गुडलकला बनमस्का खात बसलो, दोघंही अपमान झालेले, आणि पाचेक मिनिटांनी लक्षात आलं की त्याची आणि माझी बेरीज केली तर एक बरा विद्यार्थी झाला असता.

पहिला आठवडा मी ॲडव्हान्स्डला बसले. माझ्याच हट्टाने. वर्गात बारा जण, सेन्सेई पूर्ण वेळ जपानीत. धडा कचऱ्याच्या वर्गीकरणावर होता. जपानमध्ये जळणारा कचरा वेगळा, न जळणारा वेगळा, बाटल्या-डबे वेगळे, आणि प्रत्येकाचा वार ठरलेला. उतारा मला कळला. चार-पाच कांजी अडल्या, त्या फोनमध्ये बघितल्या. मी खुशीत. मग सेन्सेई म्हणाल्या, जोड्या करा, पुण्यात कसं चालतं ते एकमेकांना सांगा, दहा मिनिटं.

कचऱ्याबद्दल पुणेकराकडे मत नाही असं कधी होत नाही. ओला-सुका वेगळा करून देणं, कचरा घ्यायला येणाऱ्या ताईंची वेळ, वरच्या मजल्यावरचे लोक डायपर ओल्यात टाकतात ते, माझ्याकडे दहा मिनिटं कमी पडतील एवढा ऐवज होता. "मोएरु गोमी वा," जळणारा कचरा, मी सुरुवात केली. "मोएरु गोमी वा... आनो..." आनो म्हणजे आपलं 'ते हे'. दहा मिनिटांत मी सात वेळा आनो म्हटलं. माझ्या जोडीला एक निवृत्त काका होते, जपानमध्ये कारखान्यात काही वर्षं काढलेले. त्यांनी सोसायटीच्या चेअरमनबद्दलची तक्रार फाडफाड सांगितली. गंमत म्हणजे उतारा वाचायची वेळ आली तेव्हा ते माझ्या वहीत डोकावत होते. त्यांना 'जळणे'ची कांजीही येत नव्हती.

पुढच्या आठवड्यात डिप्लोमा. तीस मुलं, बहुतेक वीसच्या आतबाहेर, मला बघून दोघं उठून उभी राहिली, त्यांना वाटलं सेन्सेई आल्या. उजळणी म्हणून थेट एकोणतिसावा धडा, म्हणजे दैव बघा, मादो गा आइते इमास. फळ्यावरचा प्रत्येक शब्द मला माहीत होता. पहिली वीस मिनिटं मी मनात शॉपिंगची यादी केली. मग साखळी सुरू झाली: प्रत्येकाने आपल्याजवळची एक बिघडलेली वस्तू सांगायची, थांबायचं नाही. "केइताई गा कोवारेते इमास," मोबाइल बिघडलाय. "फुकुरो गा याबुरेते इमास," पिशवी फाटलीये. बाकामागून बाक, टाळ्यांसारखं. माझी पाळी आली. मी मनात मराठी वाक्य केलं, त्यातलं क्रियापद उचललं, ते जोडीतलं कुठलं ते ठरवलं, त्याचं 'ते-फॉर्म', म्हणजे 'इमास'च्या आधी येणारं रूप, केलं, आणि तोंड उघडेपर्यंत शेजारच्या मुलीने स्वतःचं वाक्य म्हणून टाकलं होतं. मुद्दाम नाही. तिला वाटलं मी पास म्हटलं.

घरी येताना हिशेब केला. मला वाटत होतं लेव्हल म्हणजे एक आकडा. माझे तर चार वेगळे निघाले: वाचणं एका पायरीवर, व्याकरण त्याच्या जवळपास, ऐकणं दोन पायऱ्या खाली आणि बोलणं तळमजल्यावर. आणि वर्गाला दार एकच. सरासरी काढून उपयोग नव्हता, कारण सरासरीच्या वर्गात मी अर्धा वेळ कंटाळणार आणि अर्धा वेळ बुडणार, हे ठरलेलं. म्हणून प्रश्न उलटा केला. यातलं घरी एकटीने काय होईल? कांजी होतील. मुलगी झोपल्यावर, ओट्यावर वही ठेवून, रोज पाच. वाचनही होईल. पण माझ्यासमोर चार सेकंद सुद्धा न थांबता "आणि तुझं?" म्हणणारी तीस पोरं घरी कुठून आणू? नवऱ्याचं जपानी मान डोलवण्यापुरतं.

काकांचं नेमकं उलट. त्यांना गप्पा कुठेही मिळाल्या असत्या, वाचायला कुणी बसवलं नसतं. ते ॲडव्हान्स्डला राहिले, मी डिप्लोमाला. हाच नियम लावून आम्ही दोन टोकांना गेलो. पुढेही ते कॉरिडॉरमध्ये भेटले की मला एखादी कांजी विचारायचे आणि मी त्यांना चेअरमनचं काय झालं ते जपानीत विचारायचे.

फॉर्मवरची निळी खूण खोडून दुसरी करायला ऑफिसात नवा अर्ज, एक सही आणि दोन फेऱ्या लागल्या. फीमध्ये फरक किरकोळ होता.

सगळं सुरळीत झालं असं नाही. दिवाळीनंतर मला खरंच कंटाळा आला. व्याकरणाचं स्पष्टीकरण सुरू झालं की मी घड्याळ बघायचे. एकदा तर तोंडावर हात न धरता जांभई दिली. सेन्सेईंनी वर्गानंतर थांबवलं. मला वाटलं बोलणी बसणार. त्यांनी तिसऱ्या वर्षाच्या कांजींचे कागद हातात ठेवले, "हे करत बसा, पण साखळी सुरू झाली की कागद खाली." तेव्हापासून माझ्या बाकावर दोन लेव्हल्स नांदल्या. भाचा तिकडे पहिल्या वर्षात 'ओरे'वरून 'बोकु' या जरा सभ्य 'मी'वर आला आणि त्याचं हस्ताक्षर माझ्यापेक्षा चांगलं निघालं. त्याचा 'शि' आता 'शि'च असतो.

फेब्रुवारीत जपानहून पुन्हा माणसं आली. दुभाषी वेळेवर होता. तरी जेवणाच्या सुट्टीत कॉन्फरन्स रूममध्ये मी आणि त्यांच्यातले एक वयस्कर गृहस्थ असे दोघंच उरलो. त्यांनी वर बघितलं आणि म्हणाले, "एआकोन गा त्सुइते इमास ने."

एसी चालू आहे नाही का. माझ्या कानात ती बस वाजली. "केशिमाशो का?" मी लगेच म्हटलं. बंद करू का?

"ईए, ईए!" ते दोन्ही हात हलवत हसले. मागच्या खेपेला तो बंद पडला होता, त्याची त्यांना आठवण होती. "नाओरिमाश्ता ने." दुरुस्त झाला तर.

नाओरु, आपोआपवाला. मी कानाने पकडला. आणि जोडीतला दुसरा अगदी ऐटीत वापरला, "हाय, नाओशिमाश्ता!" हो, दुरुस्त केला!

त्यांनी मान तुकवली, आणि आम्ही पाऊस, आंबे आणि चाकणच्या ट्रॅफिकबद्दल दहा मिनिटं बोललो. माझे आनो फक्त तीन झाले.

दुसऱ्या दिवशी वर्ग सुरू व्हायच्या आधी मी सेन्सेईंना हे सगळं रंगवून सांगितलं. त्यांनी शेवटपर्यंत ऐकलं.

"नाओशिमाश्ता?" त्या म्हणाल्या. "शिडी लावून तुम्ही स्वतः चढलात?"

"नाही हो, मेकॅनिक बोलावला होता."

"मग नाओशिते मोराइमाश्ता. करून घेतला." त्यांनी पुस्तक माझ्याकडे सरकवलं. "चोविसावा धडा. पहिल्या भागात आहे."